लाळेची नळी, आठशे युरो: एंडोटेस्टची पारख आणि सोबत आपल्याकडच्या सीए-१२५चीही

फ्रान्समधल्या लियाँची झीविग ही कंपनी एंडोटेस्ट नावाची चाचणी विकते. वापर सोपा आहे. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, ब्रश नाही, सिगरेट नाही. मग नळीत लाळ जमा करायची, ती टिकवणाऱ्या द्रावणात मिसळायची आणि नळी लॅबकडे पाठवायची. सुई नाही, तपासणीचं टेबल नाही. लॅबमध्ये त्या लाळेतल्या मायक्रोआरएनए नावाच्या अतिलहान रेणूंचं सिक्वेन्सिंग होतं. त्यातल्या १०९ रेणूंच्या चढउतारावरून संगणक ठरवतो की या बाईला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती भलत्या जागी वाढण्याचा आजार) आहे की नाही. किंमत ८०० युरोंच्या आसपास, म्हणजे अंदाजे पाऊण लाख रुपये.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. आजवर या आजारासाठी बाजारात आलेल्या जैवचिन्हांच्या (रक्त, लाळ वगैरेंतल्या आजाराच्या खुणांच्या) चाचण्यांत हिच्यामागचा अभ्यास सर्वांत नेटका आहे. तरीही ही पहिली करायची चाचणी नाही, दुसरीही नाही. आणि आपल्याकडे तिच्या जागी सर्रास लिहून दिली जाणारी सीए-१२५ ही रक्तचाचणी तर या कामासाठी पैसे घालवण्याच्याही लायकीची नाही. असं का, ते समजायला प्रत्येक चाचणीला एकच प्रश्न विचारावा लागतो: आजारी बायकांची तुलना नेमकी कोणाशी केली?

आधी थोडी पार्श्वभूमी. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशावर, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर, आतड्यावर किंवा मूत्राशयावर रुजते, तो एंडोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना, म्हणजे जगभरात १९ कोटी जणींना तो असतो. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सात ते दहा वर्षं जातात, असं निरनिराळ्या देशांतले अभ्यास सांगतात. त्यातली निम्मी वर्षं ‘पाळीत दुखायचंच’ या एका वाक्यात जात असावीत. बाकीची जातात ती दुखण्याचं रूप फसवं असल्यामुळे. आतड्याजवळ आजार असला की पोटाच्या डॉक्टरांकडे आयबीएस (आतड्याच्या चिडचिडीचा त्रास) म्हणून औषधं चालू राहतात, मूत्राशयाजवळ असला की लघवीच्या संसर्गाची अँटिबायोटिक्स. शिवाय परवा-परवापर्यंत नियम असा होता की दुर्बिणीतून पोटात बघून तुकडा तपासल्याशिवाय पक्कं निदान नाही. बाविशीच्या मुलीला निव्वळ निदानासाठी भूल द्यायला घरचे तयार होत नाहीत, डॉक्टरही कचरतात. २०२२ मध्ये युरोपातल्या एश्रे या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने मार्गदर्शक तत्त्वं बदलली. दुर्बिणीची शस्त्रक्रिया ही आता निदानाची अंतिम कसोटी मानली जात नाही. सोनोग्राफी-एमआरआयमध्ये काही दिसलं नाही, किंवा औषधाने फरक पडला नाही, तरच तिच्याकडे वळायचं. त्याच तत्त्वांत रक्त, गर्भाशयाचं अस्तर, पाळीचा स्राव यांतल्या जैवचिन्हांवरून निदान करू नये, असंही स्पष्ट म्हटलं आहे.

चांगल्या चाचणीचं मोजमाप काय, हेही ठरलेलं आहे. २०१६ मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पारखणाऱ्या संस्थेच्या गटाने रक्त, लघवी आणि अस्तरातल्या शेकडो जैवचिन्हांचे अभ्यास चाळले. दुर्बिणीची जागा घ्यायची तर चाचणीने आजार असलेल्या १०० पैकी किमान ९४ जणींना पकडलं पाहिजे (ही तिची संवेदनशीलता) आणि आजार नसलेल्या १०० पैकी किमान ७९ जणींना ‘नाही’ म्हणून सोडलं पाहिजे (ही विशिष्टता), अशी रेघ त्यांनी आखली. रक्तातल्या एकाही चिन्हाने ती भरवशाने ओलांडली नाही.

आता एंडोटेस्टचे आकडे. २०२२ मध्ये २०० फ्रेंच बायकांवर ती घडवली गेली. त्यांतल्या १५३ जणींना आजार होता, ४७ जणींना नव्हता. लाळेत २,५६१ मायक्रोआरएनए मोजले आणि संगणकी शिकवणीने त्यांतले १०९ निवडले. संवेदनशीलता ९६.७ टक्के आणि विशिष्टता चक्क १०० टक्के निघाली. असा आकडा पाहून अनुभवी माणूस खूश होण्याआधी सावध होतो. माणसं दोनशे आणि मोजमापं अडीच हजार असली की संगणकाला निव्वळ योगायोगातूनही नक्षी सापडते. उत्तरपत्रिका समोर ठेवून प्रश्नपत्रिका सोडवल्यासारखंच ते. म्हणून खरी परीक्षा नव्या, वेगळ्या बायकांवर घ्यावी लागते.

ती परीक्षा झाली, आणि इथेच ही चाचणी इतरांहून वरचढ ठरते. २०२३ मध्ये वेगवेगळ्या केंद्रांतल्या नव्या बायकांवरचा अंतरिम निकाल प्रसिद्ध झाला. पुन्हा २०० जणी: १५९ आजारी, ४१ आजार नसलेल्या. आजारी १५९ पैकी १५३ पकडल्या गेल्या, सहा निसटल्या. आजार नसलेल्या ४१ पैकी ३९ बरोबर सुटल्या, दोघींवर चुकून शिक्का बसला. संवेदनशीलता ९६.२ टक्के, विशिष्टता ९५.१ टक्के. शंभर टक्क्यांवरून खाली आलेली ही विशिष्टता पाहून उलट बरं वाटतं, कारण खऱ्या परीक्षेत आकडे थोडे घसरतातच. कंपनीचा पैसा अभ्यासात होता, त्याबरोबर इल-द-फ्रान्स या प्रांताचाही. हे लपवलेलं नाही, पण लक्षात ठेवावं.

आता आपला प्रश्न विचारू. या ४१ जणी कोण? त्या रस्त्यावरून पकडून आणलेल्या ठणठणीत बायका नव्हत्या. त्यांनाही दुखत होतं, त्यांच्यावरही संशय होता, पण शोधल्यावर आजार सापडला नाही. तुलना हीच योग्य. प्रत्यक्षात डॉक्टरांसमोर अशाच दोन प्रकारच्या बायका बसतात. या बाबतीत एंडोटेस्टला पूर्ण गुण.

गुण कापले जातात ते दोन ठिकाणी. पहिली गोष्ट, ४१ हा आकडा फार लहान आहे. ९५.१ टक्के विशिष्टतेचा खात्रीचा पल्ला, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये कुठेही असू शकतो तो, ८५.२ पासून ९९.१ पर्यंत पसरतो. वर्तमानपत्रात ९५.१ छापलं जातं, पल्ला छापला जात नाही. दुसरी गोष्ट, आजारी गटात एमआरआयवर आजार स्पष्ट दिसणाऱ्या बायकाही होत्या, म्हणजे बीजकोशात चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली पिशवी) असलेल्या किंवा खोलवर गाठी असलेल्या. त्यांना लाळ तपासायची गरजच नाही. गरज आहे ती पोटाच्या आवरणावर पसरलेल्या वरवरच्या ठिपक्यांच्या आजारात, जो सोनोग्राफीला दिसत नाही आणि एमआरआयलाही दिसत नाही. ज्या बाईसाठी चाचणी सर्वांत मोलाची, तिच्यासारख्यांवरची परीक्षाच सर्वांत तोकडी, असं हे उलटं त्रैराशिक आहे.

टक्केवारी पाठ करण्यापेक्षा एक हिशेब करून बघा. समजा उत्साहाच्या भरात हीच चाचणी सरसकट हजार बायकांची केली, लक्षणं असोत-नसोत. त्यांत आजारी १००. चाचणी ९६ जणींना पकडेल. निरोगी ९०० पैकी ४.९ टक्के, म्हणजे ४४ जणींवर चुकीचा शिक्का बसेल. एकूण १४० ‘होकार’, त्यांतले खरे ६९ टक्के. विशिष्टता पल्ल्याच्या खालच्या टोकाला, ८५.२ वर असेल, तर चुकीचे शिक्के १३३ होतात आणि होकारांपैकी निम्मेही खरे उरत नाहीत. आता दुसरं टोक. फ्रेंच अभ्यासात दर पाचातल्या चौघी आजारी होत्या, त्यामुळे तिथे होकार ९८.७ टक्के खरा ठरला. पण नकार ८६.७ टक्केच खरा ठरला, म्हणजे ४५ नकारांपैकी सहा खोटे. तात्पर्य एवढंच की संशय दाट असेल तर नकारावर विसंबू नये, संशय विरळ असेल तर होकारावर. चाचणी तीच, नळी तीच, पण बाई बदलली की रिपोर्टचा अर्थ बदलतो.

फ्रान्सच्या सरकारी मूल्यांकन संस्थेने, ओत ओतोरिते द साँतेने, जानेवारी २०२४ मध्ये नेमकं हेच ओळखून चाचणीला तिसऱ्या पायरीवर बसवलं. आधी लक्षणं आणि हाताने तपासणी. मग सोनोग्राफी आणि एमआरआय. त्यांतून उत्तर मिळालं नाही किंवा त्यांचं एकमेकांशी जमलं नाही, तरच लाळ. वय १८ ते ४३, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हवी. अचूकता चांगली दिसते, पण चाचणीमुळे रुग्णाच्या उपचारात प्रत्यक्ष काय फरक पडतो याचा पुरावा अजून आणायचा आहे, असंही संस्थेने बजावलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये निवडक रुग्णालयांत २५,००० बायकांसाठी ती सरकारी खर्चाने खुली झाली, या अटीवर की तो पुरावा गोळा केला जाईल. नव्या वस्तूला वाव देण्याची ही रीत आम्हाला शहाणपणाची वाटते. आपल्याकडे नवी चाचणी आली की थेट पॅकेजमध्ये घुसते.

अठराची खालची मर्यादा मात्र बोचते. या आजाराचं दुखणं पुष्कळदा शाळेतच सुरू होतं. दर महिन्याला दोन दिवस गैरहजर राहणाऱ्या आठवी-नववीतल्या मुलीला सर्वांत लवकर निदान हवं, आणि तिच्यासाठी ही चाचणी नाही.

आणखी एक शंका आपल्या मुलखाची. लाळेत गालाच्या, हिरड्यांच्या आणि पांढऱ्या रक्तपेशी असतात. हिरड्या सुजलेल्या असतील किंवा तोंडात तंबाखू जात असेल तर या पेशींचं प्रमाण आणि त्यांच्यातले मायक्रोआरएनए बदलतात. फ्रेंच बायकांवर बेतलेलं हे गणित रोज मिश्री लावणाऱ्या बाईच्या लाळेला तसंच्या तसं लावायचं का? आमचं उत्तर: इथल्या बायकांवर तपासल्याशिवाय नाही. परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने भारतीय बायकांमधल्या एंडोमेट्रिओसिसचा लक्षणं आणि जनुकं असा दुहेरी अभ्यास चालू आहे, तो म्हणूनच महत्त्वाचा. उसन्या मापाने कपडे शिवले की कुठेतरी उसवतंच.

तुलनेची गोम कशी असते ते पर्थच्या प्रोटिओमिक्स इंटरनॅशनल कंपनीच्या रक्तचाचणीत फार स्वच्छ दिसतं. प्रोमार्करएंडो या नावाची ही चाचणी दहा प्रथिनांवर उभी आहे, आणि तिचा अभ्यास मेलबर्नच्या विद्यापीठाबरोबर झाला. आजारी बायकांची तुलना सर्वसाधारण लोकांतल्या बायकांशी केली तेव्हा तिचे गुण एकपैकी ०.९९ च्या घरात गेले. तीच तुलना दुखणाऱ्या पण आजार न सापडलेल्या बायकांशी केली, तेव्हा दुसऱ्या ते चौथ्या टप्प्यातल्या आजारासाठी गुण ०.७३ च्या आसपास उतरले. (या मोजपट्टीवर ०.५ म्हणजे नाणेफेक.) चौथ्या, सर्वांत गंभीर टप्प्यात गुण पुन्हा उंचावतात, पण तो टप्पा चांगल्या सोनोग्राफीतही दिसतो. बातमीत अर्थातच ०.९९ झळकतं. कंपनीने दोन्ही आकडे छापले हा प्रामाणिकपणा. वाचणाऱ्याने दुसरा वाचावा.

रक्तातल्या मायक्रोआरएनएंवरही काम झालं आहे. २०२० मध्ये अमेरिकेत येलच्या संशोधकांनी १०० बायकांमध्ये सहा रेणूंचा संच चांगला चालल्याचं दाखवलं. त्यातला एक रेणू मिर-४५१ए. अडचण अशी की हा रेणू तांबड्या पेशींत ठासून भरलेला असतो. बारीक सुईने जोरात ओढून रक्त काढलं, दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, नळी जोरात हलवली किंवा घरून गोळा केलेला नमुना दुपारभर बाइकवरच्या डब्यात तापला, की पेशी फुटतात आणि हा आकडा आजाराशिवायच चढतो. म्हणून जाणती लॅब मिर-४५१ए आणि पेशी फुटल्याने न बदलणारा मिर-२३ए या दोघांतलं अंतर मोजते. पीसीआरमध्ये (रेणूंच्या प्रती दर आवर्तनात वाढवून मोजणाऱ्या तपासणीत) ते सात आवर्तनांपेक्षा जास्त आलं की नमुना फेकून नवा मागवते. कुठलीही लॅब उद्या मायक्रोआरएनए पॅनेल विकू लागली तर विचारायचा पहिला प्रश्न हाच: फुटलेलं रक्त तुम्ही कसं ओळखता? उत्तर गुळमुळीत आलं तर उठून यावं.

पाळीच्या स्रावावरचं काम आम्हाला सर्वांत आशेचं वाटतं, कारण तिथे ऊती थेट हाती येते. न्यूयॉर्कच्या फाइनस्टाइन संस्थेतला रोझ हा प्रकल्प घरी गोळा केलेल्या पाळीच्या स्रावातल्या पेशी वाढवून पाहतो. आजारी बायकांच्या अस्तरातल्या पेशी गर्भधारणेच्या तयारीचा संकेत दिल्यावर हव्या तशा बदलत नाहीत, असं त्यांना आढळलं. विकत घेण्याजोगी वस्तू अजून नाही, म्हणून गुण देत नाही.

आता सीए-१२५. तिच्यावर जास्त शब्द खर्च करतो, कारण इथे प्रत्यक्षात खिशातून पैसे जातात ते हिच्यासाठी.

हे प्रथिन १९८१ मध्ये बीजकोशाच्या कर्करोगाच्या संशोधनातून पुढे आलं, आणि रिपोर्टवर छापलेली ३५ युनिटांची मर्यादाही कर्करोगाच्या हिशेबाची आहे. पोटाचं आतलं आवरण, फुप्फुसाचं आवरण, हृदयाचं आवरण, गर्भाशयाचं अस्तर, कशालाही चिडचिड झाली की ते रक्तात वाढतं. पाळी चालू असताना वाढतं. गर्भारपणाच्या सुरुवातीला वाढतं. फायब्रॉइड, अॅडिनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), ओटीपोटाचा संसर्ग, यकृताचा सिऱ्होसिस, सगळ्यांत वाढतं. आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असा पोटाचा क्षयरोग: त्यात पोटात पाणी होऊन सीए-१२५ शेकड्यांत जातं आणि घरात कर्करोगाच्या नावाने रडारड सुरू होते. चॉकलेट सिस्ट फुटली तर आकडा हजारांतही जाऊ शकतो.

हे झालं खोट्या होकाराचं. खोटा नकार त्याहून घातक. २०१६ मध्ये १४ अभ्यास आणि २,९२० बायका एकत्र करून पाहिलं गेलं. ३० युनिटांची मर्यादा धरली तर विशिष्टता ९३ टक्के होती, पण संवेदनशीलता फक्त ५२ टक्के. म्हणजे आजार असलेल्या जवळजवळ निम्म्या जणींचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. मग तो कागद हातात धरून ‘बघ, काही नाहीये’ असं तिला ऐकवलं जातं, आणि निदान आणखी दोन-तीन वर्षं लांबतं. लवकर निदानासाठी म्हणून केलेली चाचणी निदान लांबवते, ती अशी.

तरीही केलीच, किंवा सिस्टचं स्वरूप ठरवायला डॉक्टरांनी मागितलीच, तर किमान नीट करा. पाळीचा रक्तस्राव पूर्ण थांबल्यावर तीन-चार दिवसांनी रक्त द्या. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करा. काही यंत्रांत बायोटिनमुळे आकडा खोटाच कमी येतो, आणि ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळ्या आता कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. डायनोजेस्ट (या आजारावरची संप्रेरकाची गोळी) किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर फॉर्मवर लिहा, त्यांनीही आकडा उतरतो. दोन वेगळ्या लॅबमधले आकडे शेजारी ठेवून ‘वाढलं-कमी झालं’ असं ठरवू नका. यंत्र आणि प्रतिपिंड वेगळं असलं की आकडा वेगळा येतोच. सिस्ट असताना ६०-७०चा आकडा आला तर त्याच रात्री इंटरनेटवर कर्करोग शोधत बसू नका. सोनोग्राफीतलं सिस्टचं रूप या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

मग पैसे कुठे घालावेत? आमचं ठाम मत: एंडोमेट्रिओसिस शोधायची सवय असलेल्या डॉक्टरांकडच्या सोनोग्राफीत. ‘पेल्विस यूएसजी’ असं लिहून कोपऱ्यावरच्या सेंटरमध्ये पाच मिनिटांत होते ती ही नव्हे. २०१६ मध्ये इडिया नावाच्या तज्ज्ञगटाने या तपासणीच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या. गर्भाशय आणि बीजकोश नेहमीप्रमाणे पाहायचे. नंतर प्रोबने दाबून नेमकं कुठे दुखतं आणि बीजकोश हलतो की चिकटलाय ते बघायचं. तिसरी पायरी स्लायडिंग साइनची: गर्भाशयाच्या मागून आतडं मोकळं सरकतंय का. सरकत नसेल तर मागे सगळं चिकटलेलं आहे आणि खोलवरच्या आजाराचा संशय पक्का होतो. शेवटी मूत्राशय, गर्भाशयामागचे स्नायुबंध आणि आतड्याची भिंत यांवर गाठी शोधायच्या. रिपोर्टमध्ये ‘स्लायडिंग साइन’ आणि ‘ओव्हेरियन मोबिलिटी’ हे शब्दच नसतील, तर ‘नॉर्मल’चा अर्थ एवढाच की सिस्ट दिसली नाही. चिकटलेपण कोणी पाहिलेलंच नाही.

ही सोनोग्राफी आतून करावी लागते, आणि लग्न न झालेल्या मुलींच्या बाबतीत आपल्याकडे गाडी इथेच अडते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत सिस्ट दिसते, चिकटलेपण आणि गाठी बहुधा निसटतात. गुदमार्गाने करता येते, पण ती करणारे थोडे. अशा वेळी वेळ न दवडता एमआरआयकडे जावं, आणि अपॉइंटमेंट घेताना ‘एंडोमेट्रिओसिस प्रोटोकॉल’ हे शब्द वापरावेत. चार ते सहा तास उपाशी पोट, मूत्राशय अर्धवट भरलेलं, आतड्याची हालचाल थांबवायला हायोसिनचं इंजेक्शन, आणि चरबीचा उजेड दाबणारे टी-१ (एमआरआयचा एक प्रकार) फोटो. यातलं शेवटचं वगळलं तर सिस्टमधलं जुनं रक्त आणि चरबी दोन्ही पांढरी दिसतात आणि गल्लत होते.

याच्याही आधी फुकटातली गोष्ट म्हणजे तीन महिन्यांची वही. तारीख, दुखणं शून्य ते दहापैकी किती, किती गोळ्या लागल्या, शाळा किंवा कामाचे किती दिवस बुडाले. आणि लाजेपोटी कोणी बोलत नाही त्या तीन नोंदी: पाळीत शौचाला दुखतं का, लघवीला दुखतं का, संबंधांच्या वेळी खोलवर दुखतं का. पाळीबरोबर येणारं आणि पाळीबरोबर जाणारं शौचाचं दुखणं ही आतड्याजवळच्या आजाराची फार मोलाची खूण आहे. ‘पोट दुखतं’ एवढंच सांगितलं तर ती कोणाच्याच लक्षात येत नाही.

परत एंडोटेस्टकडे. ती घ्यावी कोणी? युरोपात राहणारी मराठी बाई, वय १८ ते ४३ मध्ये, लक्षणं दाट, चांगली सोनोग्राफी आणि एमआरआय दोन्ही कोरे, आणि आता दुर्बिणीची शस्त्रक्रिया करायची की नाही या पेचात असेल, तर होकाराने तिचा निर्णय खरोखर बदलू शकतो. विशेषतः मूल राहत नसेल तेव्हा. फ्रान्समध्ये असेल तर सरकारी खर्चातल्या रुग्णालयांची आधी चौकशी करावी, थेट ८०० युरो मोजू नयेत. याउलट डॉक्टर नाही तरी डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम सुरूच करणार असतील, तर त्या चाचणीने काहीच बदलत नाही. निदानाचा पक्का कागद नसताना लक्षणांवरून औषध सुरू करणं एश्रेच्या तत्त्वांनाही मान्य आहे. पाऊण लाखात त्या गोळ्या कितीतरी वर्षं येतात. (पहिले तीन महिने अधूनमधून डाग पडतात. त्याला घाबरून गोळ्या सोडणाऱ्यांची संख्या मोठी, म्हणून आधीच सांगून ठेवलं.)

होकार आला तरी लाळ फक्त ‘आहे’ एवढंच सांगते. कुठे, किती खोल, कोणत्या अवयवाला चिकटून, यातलं काही सांगत नाही. शस्त्रक्रिया ठरली तर एमआरआय करावाच लागतो, बीजकोशावरची सिस्ट काढायची असेल तर आधी एएमएच (बीजकोशातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं संप्रेरक) मोजून ठेवावं लागतं. आणि खोलवरच्या आजारात एक गोष्ट कुठल्याच जैवचिन्हात दिसत नाही: मूत्रवाहिनी आवळली जाऊन मूत्रपिंड फुगत जातं, तेही कित्येकदा अजिबात न दुखता. त्यामुळे रिपोर्ट होकाराचा असो की नकाराचा, सोनोग्राफीच्या टेबलावर आहातच तर प्रोब वर सरकवून दोन्ही मूत्रपिंडं बघायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.